झोपाळ्याची फळी आणि जीपचा बंपर

पाऊस सुरू झाला की इंदुरातून चोरल, जानापाव आणि पातालपाणीकडे जाणाऱ्या वाटांवर रविवारी उंच गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या नाकावर घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे बनवून घेतलेला लोखंडी बंपर दिसतो. अधूनमधून वाहतूक पोलिसांची मोहीम निघते, असे बंपर आणि गार्ड चौकातच उतरवले जातात, आणि मग घरोघरी एकच वाद रंगतो. स्वतःच्या गाडीला स्वतःच्या पैशाने मजबुती दिली, तर सरकारचे काय बिघडते? माझ्या भाच्याने यंदा हाच वाद माझ्या ओसरीवर आणला. त्याने मित्राच्या शेतावर चिखलात फिरवण्यासाठी एक जुनी जीप घेतली आहे आणि तिला पुढचा बंपर स्वतः बनवायचा होता. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, प्लेट 6 मिमीची घेऊ की 8ची?"

मी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात आयुष्यभर फॅब्रिकेशनचे, म्हणजे लोखंड कापून, वाकवून, जोडून वस्तू बनवण्याचे काम केले. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला लगेच दिले नाही. जाडीचा प्रश्न खूप नंतर येतो. आधी विचारायचे ते हे, की बंपरवर जोर आला तर तो पुढे कुठे जाणार? कायदा, एअरबॅग, वेल्डिंग, नट-बोल्ट या सगळ्या गोष्टी या एका प्रश्नाला येऊन मिळतात.

दिसतो तो बंपर खरा बंपर नव्हे

आजच्या गाडीच्या पुढे जो रंगवलेला प्लास्टिकचा भाग दिसतो, तो केवळ कव्हर असतो. त्याच्या आत एक आडवी धातूची तुळई असते, तिला बंपर बीम म्हणतात. कित्येक गाड्यांमध्ये बीम आणि कव्हर यांच्यामध्ये फोमचा थर असतो. बीमच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूने दोन पोकळ डबे जोडलेले असतात, आणि त्या डब्यांच्या मागे गाडीचा मुख्य सांगाडा सुरू होतो. या डब्यांना क्रश कॅन म्हणतात. त्यांचे काम एकच: टक्कर झाली की ठरलेल्या पद्धतीने, घडी घडीने चेपत जाणे.

सांगाडाही दोन प्रकारचा असतो. थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, गुरखा, जिम्नी यांच्याखाली शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते आणि वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. क्रेटा किंवा डस्टरसारख्या गाड्यांना अशी शिडी नसते. तिथे बॉडीचा पत्राच वाकवून-जोडून सांगाड्याचे काम करतो. याला मोनोकॉक म्हणतात. घरगुती लोखंडी बंपरचा विचार करायचाच असेल तर तो शिडीच्या चेसिसवरच करावा, कारण मोनोकॉकच्या पुढच्या टोकाला जड लोखंड टांगण्याजोगी जागाच नसते. त्या गाड्यांचा विषय इथेच सोडतो.

गाडीने चेपायचे तरी कशासाठी?

बांधकामावर विटा वर चढवणारे कामगार पाहा. खालचा माणूस वीट फेकतो आणि वरचा ती झेलतो, पण झेलताना त्याचे हात विटेच्या दिशेने थोडे मागे जातात. हात ताठ ठेवून त्याने वीट थांबवली तर संध्याकाळपर्यंत त्याचे तळवे सोलून निघतील. वीट तीच आणि तिचा वेगही तोच. फरक पडतो तो तिला किती अंतरात थांबवले याने.

आता आकडे घेऊ. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. या वेगाची गाडी भिंतीवर आदळून 50 सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे 10 पट जोर येतो. तीच गाडी अवघ्या 10 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर हा जोर सुमारे 50 पट होतो. 70 किलोच्या माणसाच्या बाबतीत हा 700 किलो आणि 3500 किलो यांच्यातला फरक आहे, आणि तो सारा भार सीटबेल्टच्या पट्ट्यावर आणि पर्यायाने बरगड्यांवर पडतो. ताशी 36 किलोमीटर हा काही फार मोठा वेग नाही. रिंग रोडवर रिक्षासुद्धा तो गाठते.

म्हणून गाडीचे नाक चेपते तेव्हा ती कमकुवत निघाली असे समजू नये. तिथे अंतर विकत घेतले जात असते. क्रश कॅन काढून त्याच्या जागी जाड लोखंडी कोन लावणाऱ्याने कामगाराचे हात ताठ बांधून टाकलेले असतात. अशा गाडीचा बंपर टकरीनंतर सरळ राहतो, मालक फोटो काढून मित्रांना दाखवतो, आणि मान का दुखते याचा विचार करत बसतो.

एअरबॅगला काय कळते?

एअरबॅग टकरीला "पाहत" नाही. गाडीत बसवलेले सेन्सर वेग किती झपाट्याने घटतो आहे हे मोजतात, आणि एक छोटा संगणक त्या मोजणीवरून ठरवतो की ही खड्ड्यातली आदळआपट आहे की खरी टक्कर. हा निर्णय सेकंदाच्या काही शतांशांत होतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. गाडीच्या नाकाची मूळ चेपण्याची चाल गृहीत धरून, प्रत्यक्ष गाड्या आदळवून ही मोजणी बसवलेली असते.

नाकच बदलले की संगणकापर्यंत पोचणारी चाल बदलते. ताठ बंपरमुळे किरकोळ धक्का मोठा वाटून एअरबॅग विनाकारण उघडू शकते, किंवा लोखंड वेडेवाकडे वाकल्यामुळे ती उघडायला उशीर होऊ शकतो. उशीर अधिक घातक असतो, कारण तोपर्यंत माणसाचे डोके पुढे सरकलेले असते आणि फुगणारी पिशवी त्याच्यावर आदळते. आपल्या बंपरने यातले काय होईल हे अंगणात बसून सांगता येत नाही. भारतात 2019च्या जुलैपासून नव्या मोटारींमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला हा प्रश्न लागू होतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते, की गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी-पुस्तकातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल. याच कलमाकडे बोट दाखवून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवले आणि क्रॅश गार्ड व बुलबार, म्हणजे नाकावरचे लोखंडी कठडे, लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम 52 चा हाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम 182-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

दंड भरून सुटता येईल, पण विम्याचे तसे नाही. न कळवलेला बदल हे दावा अडवायला विमा कंपनीला सोयीचे कारण असते, आणि अपघातात समोरच्याला इजा झाली असेल तर प्रकरण आणखी चिघळते. पायी चालणाऱ्या माणसाला प्लास्टिकचे कव्हर लागणे आणि गुडघ्याच्या उंचीवर 5 मिमी प्लेटची कडा लागणे यांतला फरक समजावून सांगावा लागू नये.

तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला घरगुती बंपर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इथून पुढचे सारे अशा गाडीसाठी आहे जी फक्त खासगी जमिनीवर चालते आणि तिथपर्यंत ट्रॉलीवर लादून नेली जाते. भाच्याची जीप अशीच आहे. तिला एअरबॅगही नाही आणि क्रश कॅनही नाही.

शेतात काय घडले

भाच्याचा हा दुसरा बंपर आहे. पहिला त्याने एका वेल्डरकडून करून घेतला होता. 6 मिमीची प्लेट, मधोमध हूक, वर काळा चकचकीत रंग. माळव्याची काळी माती पावसात किती चिवट होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. चप्पल रुतली तर पाय वर येतो आणि चप्पल तिथेच राहते. जीप आसापर्यंत रुतली. ट्रॅक्टरला पट्टा बांधून हुकाने ओढायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हिसक्याला उजव्या बाजूने अख्खा बंपर सुटून पट्ट्यासकट ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर आदळला. ट्रॅक्टरवाला दोन हात डावीकडे होता म्हणून वाचला.

तो बंपर मी ओसरीवर आणवून पाहिला. 6 मिमीच्या प्लेटला पोचासुद्धा आला नव्हता. ती प्लेट चेसिसला ज्या ब्रॅकेटने, म्हणजे जोडपट्टीने, धरली होती ती जेमतेम 3 मिमीची होती, आणि बोल्टचे गोल भोक ओढून ओढून आंब्याच्या कोयीसारखे लांबट झाले होते. त्या लांबट टोकाशीच पत्रा फाटला होता. डाव्या बाजूची कथा निराळी होती. तिथे वेल्डिंगची रेघ वरून छान फुगीर दिसत होती, पण छिन्नीचा एक घाव घालताच ती सालीसारखी उचकटून आली. खाली मूळ लोखंड जसेच्या तसे गुळगुळीत होते.

ओसरीच्या झोपाळ्याकडे बोट दाखवून मी त्याला विचारले, या झोपाळ्यावर चार माणसे बसतात, ती कुणाच्या भरवशावर? फळी शिसवाची आणि दोन इंच जाड आहे. पण फळीचा भार कड्यांवर येतो, कड्यांचा वरच्या हुकांवर, हुकांचा तुळईवर आणि तुळईचा भिंतीवर. फळी चार इंचांची केली आणि हूक खिळ्यांचे ठेवले, तर झोपाळा मजबूत झाला असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या वेल्डरने नेमके हेच केले होते. बंपरची प्लेट ही फळी, ब्रॅकेट आणि बोल्ट या कड्या, आणि चेसिस ही तुळई. त्या चिखलात फळीचा प्रश्नच आला नव्हता.

मग जाडी किती घ्यायची?

लोखंडाच्या वजनाचा हिशेब सोपा आहे. 1 मिमी जाडीच्या 1 चौरस मीटर प्लेटचे वजन 7.85 किलो भरते. जीपच्या बंपरला दीड मीटर लांब आणि घड्या धरून साधारण 45 सेंटिमीटर रुंद पट्टी लागते. ती 4 मिमीची घेतली तर सुमारे 21 किलो होते आणि 6 मिमीची घेतली तर 32 किलो. ब्रॅकेट, हूक, आधारपट्ट्या वेगळ्या.

हे वजन जिथे बसते ती जागा वाईट आहे. ते पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेले असते, आणि तराजूच्या दांडीचा नियम इथेही लागतो. दोन्ही आसांमधले अंतर 2450 मिमी आणि बंपर पुढच्या आसापासून 700 मिमी पुढे असेल, तर 45 किलोच्या बंपरने पुढच्या चाकांवर 45 नव्हे, सुमारे 58 किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे 13 किलो उचलले जातात. त्यावर 35 किलोची विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, चढवली की पुढचा वाढीव भार 100 किलोच्या वर जातो. स्प्रिंगा बसतात, नाक खाली येते, आणि ज्या चढासाठी एवढा खटाटोप केला त्याच चढाला बंपरची खालची कडा आधी टेकते. पुढच्या चाकापासून नाकाच्या खालच्या कडेपर्यंतचा हा चढता कोन, ज्याला अप्रोच अँगल म्हणतात, 2020च्या थारला 41.8 अंश मिळतो. बेढब बंपर लावून तो सहज घालवता येतो.

ताठपणा जाडीपेक्षा घडीतून स्वस्तात मिळतो. वर्तमानपत्राचा कागद हातात आडवा धरला तर लोंबतो. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या चुण्या केल्या तर तो तोल धरून उभा राहतो. प्लेटचेही तसेच. 4 मिमीच्या पट्टीला वर आणि खाली घडी घालून पन्हळीचा आकार दिला, की ती सपाट 6 मिमीच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त ताठ होते आणि वजन मात्र तिच्याहून कमी राहते. म्हणून भाच्याला मी 4 मिमीची साधी एमएस प्लेट, म्हणजे माइल्ड स्टील, घ्यायला लावली आणि ब्रॅकेटसाठी 8 मिमीची. पहिल्या बंपरच्या बरोबर उलट. दुकानदाराला वाटले पोरगा यादी उलटी वाचतो आहे.

प्लेट कापण्याआधी पुठ्ठा कापावा. आमच्याकडे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता. तो जीपच्या नाकावर धरून, सुतळीने बांधून, दिवे, रेडिएटर आणि चाकाची वळणारी कडा यांच्यापासून अंतर पाहून नमुना बनवला. पुठ्ठा सात वेळा बदलला, एक रुपया खर्च झाला नाही. रेडिएटरसमोर हवा जायला मोकळीक ठेवणे याच वेळी सुचते. प्लेट कापल्यावर सुचले तर मे महिन्यात इंजिन तापल्यावरच आठवण होते.

वेल्डिंग: वरून दिसते ते आणि आत असते ते

वेल्डिंग म्हणजे चिकटवणे नव्हे. दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळाव्या लागतात आणि कांडीचे लोखंड त्यांच्यात मिसळून एकत्र थिजावे लागते. करंट कमी असेल तर कांडी वितळते, पण खालची प्लेट वितळत नाही, आणि वर केवळ एक सुंदर रेघ बसते. डाव्या बाजूची रेघ सालीसारखी निघाली ती यामुळेच. आत किती खोल वितळले याला पेनिट्रेशन म्हणतात. आपल्या भाषेत मुरणे म्हणू. लोणचे वरून लाल दिसते म्हणून मुरले असे नसते.

3.15 मिमीच्या साध्या कांडीला सर्वसाधारणपणे 90 ते 130 अँपिअर करंट लागतो. नेमका किती, हे आधी भंगारातल्या तेवढ्याच जाडीच्या तुकड्यावर पाहावे. चांगली रेघ चालू असते तेव्हा कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. तो फटफट करू लागला की हात चुकला आहे. रेघ थंड झाल्यावर वरची खपली हातोडीने उडवावी आणि मग वायर ब्रशने घासून डोळे जवळ नेऊन पाहावे. बारीक भोके दिसली तर आत हवा अडकली आहे. रेघेच्या कडेला खाच पडली असेल तर मूळ प्लेट तिथे बारीक झाली आहे, आणि तडा तिथूनच जाईल. परीक्षेचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दोन तुकडे एका बाजूने जोडायचे, शिकंज्यात धरायचे आणि घणाने उलटे वाकवायचे. भाच्याने असे पाच नमुने मोडले. सहाव्यात प्लेट वाकली, पण सांधा टिकला, तेव्हाच त्याला बंपरला हात लावू दिला.

दुसरी अडचण आक्रसण्याची. वितळलेले लोखंड थिजताना आकुंचन पावते आणि आसपासच्या प्लेटला ओढते, उन्हात वाळताना पापडाच्या कडा वळतात तसे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ मारली तर दीड मीटरचा बंपर धनुष्यासारखा वाकतो आणि ब्रॅकेटची भोके चेसिसच्या भोकांशी जुळत नाहीत. म्हणून आधी ठिकठिकाणी फक्त टॅक मारायचे, म्हणजे बिंदूसारखे छोटे टाके घालायचे, गाडीवर लावून पाहायचे, आणि मग दोन-दोन इंचांच्या तुकड्यांत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत रेघ पुरी करायची. या कामाला घाई सोसत नाही.

गाडीवर टॅक मारण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, नाहीतर अल्टरनेटर किंवा असेल तो संगणक जळू शकतो. डोळ्यांना काळ्या काचेचा मुखवटा हवाच. तो न लावता दोन मिनिटे ठिणगी पाहिली तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटते, हे मी उमेदवारीत स्वतः भोगले आहे. आणि जस्त चढवलेला पाण्याचा पाइप बंपरला वापरू नये. त्याच्या धुराने ताप भरतो.

हूक आणि बोल्ट

चेसिसला काहीही वेल्ड करू नये. तिचे लोखंड आणि जाडी आपल्याला माहीत नसते, आणि वेल्डिंगची उष्णता रेघेच्या शेजारच्या पट्टीचा गुण बदलते. चेसिसच्या पुढच्या टोकाला मूळ बंपरची भोके असतात; तीच वापरून ब्रॅकेट बोल्टने कसावे.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा असतो. पहिला 8 सांगतो, की हे लोखंड ताणात प्रति चौरस मिलिमीटर 800 न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो, की त्याच्या 80 टक्के जोरापर्यंत ते कायमचे लांबत नाही. असा 12 मिमीचा एक बोल्ट, आट्यांचा भाग धरूनसुद्धा, कातरीसारखा आडवा जोर सुमारे 4 टनांपर्यंत सोसतो. प्रत्येक बाजूला चार बोल्ट लावले तर बोल्ट हा कच्चा दुवा राहत नाही. आकडा नसलेला बोल्ट मात्र घेऊ नये, तो किती सोसेल हे दुकानदारालाही माहीत नसते.

हूक बंपरच्या प्लेटवर बाहेरून चिकटवलेला असला तर तो आणि गाडी यांच्यामध्ये केवळ एक वेल्डिंगची रेघ उरते. त्याऐवजी हुकाची जाड पट्टी प्लेटला चीर पाडून आरपार न्यावी, दोन्ही बाजूंनी जोडावी आणि मागे थेट ब्रॅकेटला मिळवावी. मग ओढ प्लेटला टाळून सरळ चेसिसवर जाते. मधोमध एक हूक ठेवण्यापेक्षा प्रत्येक ब्रॅकेटसमोर एक, असे दोन ठेवावे. आसापर्यंत रुतलेल्या गाडीला बाहेर काढायला जवळजवळ तिच्या वजनाइतका जोर लागू शकतो, आणि हिसका दिला तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून ओढताना पट्ट्यावर जाड गोणपाट टाकावे, म्हणजे काही सुटलेच तर ते खाली पडते, आणि पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

"पूर्वीच्या गाड्यांना लोखंडीच बंपर होते, तेव्हा कोणी मेले नाही"

मेले, पण गाडी शाबूत राहिली म्हणून लोकांना गाडीच आठवते. 2009 मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 1959 सालची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 सालची शेव्हरोले मालिबू ताशी सुमारे 64 किलोमीटरने समोरासमोर आदळवली. जुन्या गाडीला क्रोमचा भारदस्त लोखंडी बंपर होता. तिची बसायची जागाच चुरली आणि पुतळा-चालकाला जीवघेण्या जखमा झाल्या. नव्या गाडीचे नाक पार गेले, पण आतली जागा टिकली. जोराला नाकात वाट मिळाली नाही, तेव्हा तो माणसापर्यंत गेला.

"रात्री नीलगाय आडवी आली तर?"

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 200 किलोंच्या वर जाऊ शकते आणि त्याचे पाय लांब असतात. घरगुती बंपर त्याच्या पायांना लागतो, धड बॉनेटवरून काचेकडे येते, आणि काचेपाशी बंपर काही करू शकत नाही. रेडिएटर वाचेल, हे मान्य. पण रात्रीच्या रस्त्यावर दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे हा उपाय रेडिएटर आणि माणूस दोघांनाही लागू पडतो.

"ऑस्ट्रेलियात तर सर्रास लावतात"

लावतात, कारण तिथे कांगारूंचा उपद्रव आहे आणि बंपर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्या-त्या मॉडेलच्या गाडीवर चाचण्या घेऊन, एअरबॅगशी जुळणारे, चेपणाऱ्या ब्रॅकेटचे बंपर विकतात. 2002 पासून त्यांच्याकडे या बंपरसाठी स्वतंत्र मानकही आहे. म्हणजे त्यांनीही जोराच्या वाटेचाच हिशेब केला आहे, फक्त तो प्रयोगशाळेत. आपल्या शेजारी पीथमपूरला 11.3 किलोमीटरच्या वेगवान धावपट्टीचे नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र उभे आहे, पण म्हणून अंगणातला बंपर चाचणी झालेला ठरत नाही.

बसवल्यानंतर

नवा बंपर आषाढात लागला. प्रत्येक नट कसल्यावर आम्ही नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून पाहावे लागत नाही. पहिल्याच रविवारी जीप शेतात दोन तास चालली आणि एकदा ओढूनही काढली. भाच्याने संध्याकाळी चिखल धुऊन फोटो पाठवला: डावीकडच्या चारही रेघा अखंड, उजवीकडच्या दोन तुटलेल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन बोल्ट सोडले, तेव्हा कारण सापडले. उजवा ब्रॅकेट त्याने चेसिसला टेकणाऱ्या बाजूनेही रंगवला होता, दोन जाड हात. रंगाचा थर दाबाखाली चेपला, तेवढी पकड सैल झाली आणि हादऱ्यांनी नट फिरले. डाव्या ब्रॅकेटच्या वेळी डबा संपत आला होता, म्हणून तिथे रंग पातळ बसला होता. आम्ही दोन्हीकडचा रंग टेकणाऱ्या जागेपुरता खरवडून काढला, उघड्या लोखंडावर ग्रीसचा हलका हात फिरवला, नवे वॉशर घातले आणि पुन्हा पांढऱ्या रेघा ओढल्या.